मिरवणुकीतला रेसिंग क्लच

पगारातून साठवून मी माझ्या दोन सीटच्या छोट्या लाल गाडीला द्वारका चौकाजवळच्या गॅरेजमध्ये मोठा टर्बो बसवला आणि शेवटी रेसिंगचा क्लच टाकला. त्यावर माझा धाकटा चुलतभाऊ भर पंगतीत म्हणाला, "ताई, हे खेळणं पुरे, आता नवरा बघ." सगळे हसले. मी विसरले नाही.

मग दिंडोरीला त्याचं लग्न निघालं आणि मिरवणुकीला त्याला तेच खेळणं हवं झालं. मी म्हटलं, मी चालवते. तर म्हणाला, "नवरदेवाची गाडी बाई चालवणार? लोक काय म्हणतील?" चालवणार होता त्याचा मित्र. हा क्लच एकतर पकडतो, नाहीतर सोडतो. बँडमागे हळूहळू सरकायला त्याची सवय झालेला पाय लागतो. मी सांगणारच होते. आता नाही सांगितलं. गोड हसून किल्ली दिली.

मारुतीच्या देवळापासून गाडी हिसके देत निघाली. प्रत्येक हिसक्याला नवरदेवाचा फेटा नाकावर. चौकात ती बंद पडली, जळका वास सुटला आणि तो ओरडला, "ताई, तू ये ना, तूच चालव!"

"नवरदेवाची गाडी बाई चालवणार?" मी बँडपेक्षा मोठ्यानं विचारलं. "लोक काय म्हणतील?"

मित्रानं आणखी एकदा रेटली आणि क्लच गेलाच. शेवटी फवारणीच्या औषधाचा वास मारणाऱ्या ट्रॅक्टरला बांधून नवरदेवाला मांडवापर्यंत ओढत नेलं.

नंतर मी नवा क्लच टाकला. तोही रेसिंगचाच.