अटी टाइप करणारा म्हातारा

बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत तो टाइपरायटर घेऊन बसायचा. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचं म्हणून नर्सिंगच्या सर्टिफिकेटचं अरबी भाषांतर करून घ्यायला मी त्याच्याकडे एकदाच गेले. तीन आठवड्यांनी वसईला माझं लग्न होतं.

माझ्या आधी एक बहरीनी मुलगी वडिलांना आणि होणाऱ्या नवऱ्याला घेऊन आली होती. काझीकडे न्यायच्या लग्नाच्या करारात तिला अटी घालायच्या होत्या. वॉर्डात शिकलेल्या अरबीवर मला एवढं कळलं, की लग्नानंतरही ती नोकरी करणार होती. म्हाताऱ्याने अट मोठ्याने वाचली, दोन्ही हात टाइपरायटरवरून उचलले आणि नवऱ्यामुलाकडे बघत राहिला. मग सावकाश चष्मा पुसू लागला. मलाच बसवेना. मी उगाच पर्सची चेन उघडत-लावत होते. शेवटी मुलाने मान हलवली, तेव्हा कुठे टकटक सुरू झाली.

ते गेल्यावर त्याने बाजारी हिंदीत विचारलं, "तुम्हारा शादी में क्या शर्त लिखता है?"

"कुछ नहीं. हमारे में भरोसा होता है," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

"भरोसा है, तो पूछने को डर क्यों?"

कागद घेऊन मी तडक फोनच्या बूथवर गेले. लग्नानंतर मी बहरीनला परतणार, हे माझ्या होणाऱ्या नवऱ्याला अजून सांगितलंच नव्हतं.

पलीकडून त्याचं "हॅलो" आलं.

मी विचारलं, "हॉल बुक झाला का?"