गाडी कुणी धुतली

हे मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. लेकीच्या नाही, सख्ख्या बहिणीच्याही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीटसं उमगत नाही. बोलायला गेलं की गोष्ट किरकोळ वाटते. गाडी धुतली, एवढंच तर. एवढंच का?

दुष्काळाचं साल. केज तालुक्यातलं आमचं गाव टँकरवर जगत होतं. माझे मालक — गाव त्यांना आबा म्हणायचं — दूध सोसायटीचे चेअरमन. त्यांनी सभेत उभं राहून सांगितलं होतं, "टँकर चालू हाय तवर गावात कुणी गाडी धुवायची न्हाई. माझीबी न्हाई." आणि खरंच, आमची पांढरी गाडी मातकट होऊन फिरायची. लोक त्या धुळीकडं बोट दाखवून आबांचं कौतुक करायचे. मलाही अभिमान होता. होता ना? मग मी तसं का केलं?

मी गाडी धुतली त्याच्या दुसऱ्या दिवशी नांदूरघाटला भाच्याचं लग्न होतं. भावजयीच्या दारात असल्या मळक्या गाडीतून उतरायचं — कारण हेच असावं. निदान स्वतःला मी हेच सांगत आले. आबा कुणाच्या तरी जीपनं बीडला गेले होते. ड्रायव्हर काशीनाथ जेवायला घरी गेलेला. मी अंगणाचं फाटक लावलं आणि हौदातून बादल्या उपसल्या. धूळ कोरडीच पुसली तर ओरखडे उठतात, म्हणून आधी टपावरून नुसतं पाणी सोडलं. मग केसांचा शाम्पू कालवून काचा, दारं, शेवटी चाकं. टँकरचं पाणी खारं, पत्र्यावर वाळलं की पांढरे डाग धरतं — म्हणून आबांच्या जुन्या धोतरानं लगेच टिपून घेतली. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटत होतं. कोपरापर्यंत हात भिजल्याला किती दिवस झाले होते! पाणी आपल्या वाट्याचंच आहे, असं मनाला बजावत होते. पण टँकर आधी आमच्याच दारात थांबायचा — हे काय मला ठाऊक नव्हतं?

फाटकाखालून ओघळ गल्लीत गेला. तिथं घागरी घेऊन बसलेल्या बायांनी तो पाहिला. आबा परतले तेव्हा दारात माणसं जमलेली. ते आत आले. गाडीकडं बघतच राहिले.

"कुणी धुतली?"

"काशीनाथनं."

ते नाव माझ्या तोंडात कुठून आलं? मी ठरवलं नव्हतं — की ठरवलं होतं? माझं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. आबा समोर उभे होते. त्यांना दिसलं नसेल? की दिसलं, आणि त्यांनाही तेच नाव सोयीचं वाटलं? मी कधी विचारलं नाही.

काशीनाथ आला. आबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "उद्यापासून येऊ नको."

"म्या न्हाई धुतली, आबा. लेकराची आन."

"मला कळलंय सगळं."

कुणाकडून कळलं, ते बोलले नाहीत. मी दाराआड उभी होते. हातात ते ओलं धोतर. चेअरमन असावा तर असा, असं गाव म्हणालं. त्या हंगामात काशीनाथ बायकोला घेऊन उसाच्या टोळीत गेला. स्टिअरिंगवरच्या हातात कोयता आला. लग्नाला आम्ही गेलो. गाडीकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही.

आबा गेल्यानंतर, पुष्कळ वर्षांनी, केजच्या बाजारात काशीनाथ दिसला. कोयत्यानं हात राठ झालेले, पाठीला बाक आलेला. तोंड फिरवील असं वाटलं. तो उलट जवळ आला.

"वैनी, बऱ्या हाव का?" मग आवाज उतरवून म्हणाला, "एक सांगायचं ऱ्हाऊन गेलतं. ती गाडी म्या खरंच धुतली नव्हती. आबा तर गेले, पर तुमी तरी मला तसा समजू नका. त्यांचे कान कुणीतरी भरले असतील."

"असतील," मी म्हणाले.

आणि मेथीचा भाव विचारायला पुढं गेले.