बिनदेवाची जीप

वालूरच्या कडूबाईनं त्या साली नारळ घेतले नाहीत आणि अख्ख्या गावाच्या पोटात दुखायला लागलं.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. म्हणून आधी सांगायला हवं. कडूबाई म्हणजे गावातल्या बायकांची यात्रा काढणारी बाई. तुरी झाल्या, हरभरा निघाला आणि ज्वारीला अजून अवकाश असला, की ती पाथरीच्या महारुद्रची जीप ठरवायची, बायका गोळा करायची आणि कुठल्या ना कुठल्या देवाला घेऊन जायची. ज्यांना जाणं जमत नाही ते आदल्या दिवशी तिच्या ओट्यावर नारळ आणून ठेवायचे. "आमच्या नावानं वाढवा." नारळांचं पोतं जीपच्या टपावर चढलं की यात्रा निघाली, असं गाव धरून चालायचं. परत आल्यावर ज्याच्या त्याच्या घरी खोबऱ्याचा तुकडा आणि अंगारा पोचवायचा, हे तिचं काम. त्या पोत्यामुळंच तिला आजवर कुणी "कुठं चाललीस?" असं विचारलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही.

तशी बाई तोंडाची फटकळ. लग्नानंतर कैक वर्षं ऊसतोडीला गेली, कोल्हापूरकडचे कारखाने पालथे घातले, मुकादमाला भर फडात शिव्या घातल्या. घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन आली, पण घाट उतरून खाली काय आहे ते तिनं कधी बघितलं नव्हतं. बघितलं ते मागच्या साली, कोकणातल्या एका देवाला गेल्यावर. दिवसभर रांगेत उभं राहून दर्शन झालं, बायका देवळाच्या मागच्या दारानं बाहेर पडल्या, आणि समोर हा एवढा समुद्र! कडूबाई तिथंच थांबली. तोंडातून शब्द फुटेना, आणि कडूबाईच्या तोंडातून शब्द न फुटणं ही काही साधी गोष्ट नव्हे. तेवढ्यात महारुद्रनं हॉर्न दिला. पुढचं देऊळ संध्याकाळी बंद होणार होतं. बायका पळत जीपमध्ये बसल्या.

ते तिला लागलं. वर्षभर खुरपताना, भाकरी थापताना ती चडफडत राहिली. "एवढ्या दुरून गेलो, आन् पाठ दाखवून आलो त्याला."

तिची भाची प्रियांका तिकडंच कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण होती. आपल्याकडची निम्मी पोरं तिकडं मास्तर झालीत, तशीच ही. तिनं फोनवर सांगितलं, "आत्या, माझ्या गावाला ये. हितं समुद्र हाय, खाडी हाय, वर सडा हाय. सडा म्हंजे नुसतं उघडं माळरान, खाली पाणी. कुणी येत न्हाई, कुणी जात न्हाई. नुसतं बसून राहता येतंय."

नुसतं बसून! कडूबाईनं तिथल्या तिथं ठरवलं. यंदा देव नाही.

देवाशी तिचं भांडण नव्हतं बरं का. शनिवारचा उपास चुकवत नव्हती ती. पण देवाला पुढं करून आपण मागून बाहेर पडायचं, याची तिला चीड आली होती. "बाईनं उंबरा वलांडायचा तर कुणी मरावं लागतंय, कुणी बाळंत व्हावं लागतंय, न्हाईतर देव लागतोय," ती म्हणाली. "मपल्या मनात आलं म्हणून चालले, असं म्हणलं तर आभाळ कोसळतंय का?"

कोसळलं की. निघायच्या आदल्या दिवशी व्यंकटराव स्वतः नारळ घेऊन ओट्यापाशी आले. सोसायटीचे माजी चेअरमन, गावातली मोठी शेती, बोलणं सावकाश आणि शेवटचं. त्यांची बायको गीताबाई दर साली जीपमध्ये कडूबाईच्या शेजारी बसायची. यंदा सून सविताचंही नाव होतं.

"घ्या कडूबाई. पहिला आमचा."

"न्हाई घेत, भाऊ. यंदा देव न्हाई."

"देव न्हाई म्हंजे?"

"समुद्राला चाललोत. बसायला."

"बसायला? हितं ओटा न्हाई व्हय बसायला?"

भोवतीचे लोक खो खो हसले.

"ओट्यावर बसलं की तुमी च्या मागता," कडूबाई म्हणाली.

आता बायका हसल्या, आणि पुरुष हसायचे थांबले. व्यंकटराव चिडले नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बगा, कोकणात पावलापावलाला देवळं हायेत. एका ठिकाणी पाच मिनिटं डोकं टेकवा, हा नारळ फोडा, मग बसा कुठं बसायचं तिथं. कोण बगायलंय?"

खरं सांगायचं तर सल्ला वाईट नव्हता. घेतला असता तर जीप गच्च भरली असती. पण कडूबाईचं डोकं सणकलं.

"तेच नको हाय मला. पाच मिनिटाचा देव करायचा आन् त्याच्या आडून मजा मारायची? त्यात त्याची बी थट्टा आन् आमची बी. नारळ घरी न्या, भाऊ."

दारात आलेला नारळ परत पाठवायचा! व्यंकटरावांचा चेहरा उतरला. "मंग आमच्या घरचं कुणी येणार न्हाई," ते म्हणाले आणि गेले.

संध्याकाळपर्यंत नावं गळाली. एकीची सासू आजारी पडली, एकीला पाहुणे आले. गीताबाई तर निरोप द्यायलाही आली नाही. कडूबाईला सगळ्यात जास्त लागलं ते हे, पण तोंडानं ती एवढंच म्हणाली, "न येवोत. जीप मोकळी, पाय मोकळे."

उरल्या कोण? म्हातारी कुसुमबाई आणि बोरी गावच्या दोघी जावा. तिघींनाही विचारणारं घरात कुणी उरलं नव्हतं. पहाटे जीप फाट्यावर आली तर तिथं हातात पिशवी घेऊन सविता उभी. नवरा आदिनाथ पुण्याला कंपनीत. त्याला विचारलं तर तो म्हणाला होता, "दादांला विचार." आणि दादांचं, म्हणजे व्यंकटरावांचं, उत्तर गावानं ऐकलंच होतं.

"काकू, जागा हाय का?"

"अगं, तुझ्या सासऱ्यानं..."

"जागा हाय का तेवढं सांगा."

कडूबाई सरकून बसली. दिवसभर जीप चालली. रस्त्यात देवस्थानाची कमान दिसली की महारुद्रचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा आणि मागून कडूबाई ओरडायची, "चल पुढं!" घाट उतरून दिवेलागणीला प्रियांकाच्या खोलीवर पोचल्या. सकाळी प्रियांकानं सुरूच्या बनातली वाट दाखवली आणि ती शाळेला गेली.

बन संपलं आणि समुद्र आला. ओली वाळू, लांबपर्यंत माणूस नाही, चार-दोन पांढरे पक्षी. वाऱ्यानं पदर उडायला लागले.

आणि मग बघा, काय झालं. त्या एवढ्या मोकळ्या किनाऱ्यावर आमच्या बायका रांगेत उभ्या राहिल्या! कुणी सांगितलं नाही, दोर नाही, पोलीस नाही. एकीमागं एक, डोक्यावरून पदर. कुसुमबाई पुढं झाली, वाकली, पाणी डोळ्यांना लावलं, हात जोडले आणि मागून कुणी ढकलावं तशी घाईनं डावीकडं सरकली. मग बोरीची थोरली. मग धाकटी. मग सविता. पाच मिनिटांत सगळं उरकलं.

"झालं," कुसुमबाई म्हणाली, "लय छान दर्शन झालं. चला. धपाटे कुठं खायचे?"

कडूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चला? कुठं चला? अगं भवान्यांनो, ह्याच्यासाठी गावाच्या शिव्या खाल्ल्या व्हय मी? बसा म्हणते खाली!"

बसल्या बिचाऱ्या. पण कशा, तर पंगतीत बसल्यासारख्या, मांड्या आवळून, पिशव्या पोटाशी धरून. एक क्षण गेला, दोन गेले. बोरीची थोरली धाकटीच्या डोक्यातली वाळू झाडायला लागली. कडूबाईनं दरडावायला तोंड उघडलं, तर कुसुमबाईच गरजली, "आन् तू काय करायलीस गं?"

कडूबाईनं हाताकडं बघितलं. सुरूच्या वाळक्या काटक्यांची मोळी बांधत होती ती. चुलीला होतील म्हणून! कधी उठली, कधी वेचल्या, तिचं तिलाच कळलं नव्हतं. सगळ्या अशा हसल्या, अशा हसल्या की कुसुमबाईला ठसका लागला. कडूबाईनं मोळी फेकून दिली आणि धप्पकन वाळूत बसली. त्यानंतर मात्र कुणी उठलं नाही. लाट यायची, पायाशी यायची, जायची. धाकटी जाऊ उगीचच रडायला लागली. कुणी तिला का म्हणून विचारलं नाही.

अशात सविताचा फोन वाजला. मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा. तिनं नाव बघितलं आणि उचलला. आवाज मोठा, सगळ्यांना ऐकू येत होतं.

"झालं ते झालं. मी गावात सांगितलंय, सून देवालाच गेलीय म्हणून. जवळचं एखादं देऊळ बग, नारळ फोड, फोटो पाठव. गुरुपमधी टाकतो. सगळं माफ. न्हाई पाठवला तर हिकडं यायचं कायला? माहेराला जा."

फोन बंद झाला. महारुद्र बनाच्या कडेला उभा होता. हळूच म्हणाला, "मावशी, वरच्या वाडीत हाय एक देऊळ. दोन मिनिटाचं काम हाय."

आता कडूबाईची पंचाईत झाली. स्वतःसाठी ती कुणाला भ्यायली नव्हती, पण इथं दार बंद होणार होतं ते दुसरीचं. आपल्या जिद्दीपायी हिचा संसार जायचा. सविताची पोरगी तिकडं घरी आजीजवळ, गीताबाईजवळ होती. कडूबाई म्हणाली, आणि असं म्हणायला तिला फार जड गेलं, "जा पोरी. काढ फोटो. मी काय म्हणणार न्हाई. घर तुपलं हाय."

सवितानं पोटाशी धरलेली पिशवी बाजूला ठेवली.

"काकू, लग्न झाल्यापासून मी सासऱ्यापुढं पाय पसरून बसले न्हाई," ती म्हणाली. "गरोदर होते, पाय सुजले होते, तवा बी न्हाई."

मग तिनं पदर डोक्यावरून खाली घेतला आणि दोन्ही पाय लांब पसरले, थेट पाण्यापर्यंत. "काढा फोटो," म्हणून मोबाइल कुसुमबाईच्या हातात दिला. म्हातारीनं थरथरतं बोट दाबलं. फोटोत निम्मं कुसुमबाईचं बोट आलं, पण पाय आले, समुद्र आला, आणि सविताचं उघडं डोकंही आलं. सवितानं तो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, देव न्हाई. समुद्र हाय. मी घरीच येणार."

निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

कडूबाईला पोरीचा अभिमान वाटला. भीती वाटली तीही तेवढीच. दुपारी त्या खाडीवर गेल्या. पाणी हलत नव्हतं, काठाला एक होडी बांधलेली, बगळे चिखलात उभे. संध्याकाळी सड्यावर चढल्या. खाली समुद्र, अंगावर वारा. एव्हाना बायकांना बसणं जमायला लागलं होतं. बोरीची थोरली तर आडवी पडून घोरली. सविता तेवढी मध्येच मोबाइल बघायची आणि परत ठेवायची.

परतीच्या दिवशी जीप वालूरच्या वेशीत शिरली तेव्हा सविता म्हणाली, "काकू, माझ्यासंगं दारापर्यंत या. पण तुमी बोलू नका."

कडूबाईला गप्प बस म्हणणं म्हणजे बैलाला दूध दे म्हणणं. पण ती "हूं" म्हणाली.

व्यंकटराव दारातच उभे होते, दोन्ही हात चौकटीला लावून. गल्लीत माणसं जमली. आधीच्या सालांत अशा वेळी यात्रेहून आलेल्या बाईच्या पायांवर लोक डोकं ठेवायचे, पुण्याचा वाटा मिळतो म्हणून. यंदा कुणी पुढं आलं नाही.

"लोकांला काय सांगू मी?" व्यंकटराव म्हणाले. "सून कुठं जाऊन आली म्हणून सांगू?"

"समुद्र बगून आली म्हणून सांगा," सविता म्हणाली. "कशाला गेली म्हणलं तर सांगा, तिच्या मनात आलं म्हणून."

"असल्या सुनेला आमच्या घरात जागा न्हाई."

"घर मपलं बी हाय, मामा. माझी पोरगी आत हाय. मी हितंच उभी राहते, तुमी दमल्यावर आत जाईन."

कडूबाईच्या जिभेवर अशी अशी उत्तरं आली होती, की व्यंकटरावांच्या सात पिढ्या आठवणीत ठेवतील. तिनं ओठ दाताखाली धरले. शब्द दिला होता.

तेवढ्यात आतून गीताबाई आली. पदर खोचलेला, हात पिठाचे. नवऱ्याच्या मागं उभी राहून म्हणाली, "दारातून सरा."

व्यंकटरावांचे हात चौकटीवरच राहिले.

"सरा म्हणते ना. लेकराची माय हाय ती." आणि मग नवऱ्याच्या खांद्यावरून गल्लीकडं बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आन् कडूबाई, पुढच्या साली माझं नाव धर. ह्यांला विचारू नको. मला विचार."

व्यंकटराव गर्रकन बायकोकडं वळले. वळताना एक हात चौकटीवरून सुटला आणि दारात एक माणूस जाईल एवढी वाट झाली. सविता आत गेली.