छपराखालची बाई

मँचेस्टरच्या त्या घरात आम्ही दोघीच राहायचो, मी आणि माझी मैत्रीण. ती चिनी, पीएचडी नुकतीच संपवलेली; मी एका आयटी कंपनीत, दोन वर्षांच्या वर्क परमिटवर. माझी सहा वर्षांची मुलगी पुण्यात, नवरा आणि सासूबाईंपाशी. दर रविवारी सकाळी फोनकार्ड खरवडून मी घरी फोन लावायचे, आणि सलग तीन रविवार मुलगी फोनवर आलीच नव्हती. एकदा झोपली होती, एकदा शेजारी खेळायला गेली होती, एकदा म्हणे चित्रांच्या क्लासला. नवरा म्हणायचा, सगळं मजेत आहे, तू तुझं काम बघ. त्या 'मजेत'चा मला संताप यायला लागला होता. ट्रॅममध्ये बसले की माझा स्टॉप मागे जायचा, गॅसवर भात करपायचा. पोर माझ्यावर रुसली असेल, की मला विसरायलाच लागली असेल? एका जागी बसवत नव्हतं.

चौथ्या शनिवारी मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. मैत्रीण वैतागली असावी. तिने मला खुर्चीवर बसवलं, फुकट मिळणाऱ्या पेपरच्या कडेला एक अक्षर काढलं, 安, आणि म्हणाली, याला 'आन' म्हणायचं. वर छप्पर, खाली बाई. अर्थ, शांतता.

मी चिडून विचारलं, बाईला घरात बसवून शांतता नेमकी कुणाला मिळते? ती मनापासून हसली. मग तिला लिहिण्याचा चेव चढला. पुढे 'मन' लिहिलं की निश्चिंती. 'पूर्ण' लिहिलं की सुरक्षितता. आधी 'नाही' जोडलं की बेचैनी, आणि इथे तिने पेनाचं टोक माझ्याकडे रोखलं. जुन्या लिखाणात हेच अक्षर 'कुठे?' असंही विचारतं म्हणे. छपराखालची बाई मात्र सगळीकडे तशीच बसलेली. मला ती बघवेना.

शेवटी तिने तीन अक्षरं ओळीने लिहिली, शेवटचं पुन्हा तेच. सुखरूप असल्याचं कळवणं, असा त्यांचा अर्थ. परगावी गेलेल्याने घरी कळवायचं, घरच्यांनी त्याला. लिहिता लिहिता ती थांबली. तिच्या आईने पाच आठवडे हेच केलं होतं. बाबा फिरायला गेलेत, बाबा झोपलेत. प्रत्यक्षात ते पहिल्याच आठवड्यात वारले होते. लेकीची तोंडी परीक्षा होईपर्यंत तिला काही सांगायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

"आता मी कसे आहात असं विचारतच नाही," ती म्हणाली. "काहीतरी बारीकसं विचारते. मोठं खोटं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं, बारीकसारीक गोष्टी कुणी ठरवत नाही."

दुसऱ्या दिवशी फोन सासूबाईंनी उचलला.

"आई, आज तिला न्हाऊ कुणी घातलं?"

"मीच. डोक्यावरून नाही घातलं गं, हात भिजला असता तर..."

मग सगळं बाहेर आलं. झोपाळ्यावरून पडली होती, कोपराजवळ हाड मोडलं होतं, प्लास्टर होतं. एवढ्या लांब तुझ्या जिवाला घोर नको म्हणून बोललो नाही. मी तोंडाला येईल ते बोलले, सासूबाईंना आजवर कधी बोलले नव्हते तसं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मुलीच्या हातात फोन दिला.

"बाबा म्हणाले, आईला कळू द्यायचं नाही," ती म्हणाली. "मला नाही जमत तसं. म्हणून मी फोनवर येतच नव्हते."

रुसली असेल, विसरली असेल, काय काय ठरवून बसले होते मी या पोरीबद्दल. माझी मलाच लाज वाटली. रडण्याचा आवाज जाऊ नये म्हणून मी रिसीव्हरवर हात दाबून धरला, आणि क्षणभराने काढला.

"आई, तू रडतेस?"

"हो," मी म्हटलं.