जावेच्या केळीखालची राख

आमच्या सांडोरच्या वाडीत केळीचे खड्डे घेताना जुन्या विटा आणि रंगीत खापऱ्या निघाल्या. बहिणीच्या मुलीला फोनवर सांगितलं, ती पुरातत्त्व शिकलेली. म्हणाली, "मावशी, कशाला हात लावू नकोस. रविवारी येते."

आता पाहुणी यायची आणि वस्तू मातीने भरलेल्या ठेवायच्या, हे काही मला जमेना. सगळ्या खापऱ्या चिंचेने घासल्या, सुपात मांडल्या, निळ्या एकीकडे, लाल एकीकडे. आणि केळीचे मुनवे, म्हणजे लावायचे कोंब, वाळतील म्हणून खड्ड्यांत लावूनही टाकले.

रविवारी ती आली, सूप बघितलं आणि ओट्यावर बसूनच राहिली.

"किती लख्ख केल्यास गं," म्हणाली. मला वाटलं कौतुक.

मग म्हणाली, "कुठली खापरी कुठे होती, त्यावरून घर कळतं. चूल कुठे, माजघर कुठे. विलायतेत रोमन लोकांची शेतावरची घरं अशीच नांगराखाली सापडतात. आता हे सुपातलं मी कुठे ठेवू?"

ती गेली आणि माझं चित्त थाऱ्यावर राहीना. एकदा कुकरला पाणीच घातलं नाही. कोण कुठली माणसं, पण त्यांची चूल मी चिंचेने पुसली, असं सारखं वाटे.

तिसऱ्या दिवशी केळींना पाणी सोडत होते. आमच्यात मुनवे एकमेकींकडून मागून आणतात, त्यामुळे कुठला कुणाचा ते मला पाठ. होळी गावच्या नणंदेचा मुनवा बघितला आणि आठवलं, या खड्ड्यात निळी खापरी निघाली, तेव्हा तिच्या लग्नातल्या बशा मनात आल्या होत्या. पुढचा जावेचा. त्याचा गड्डा एवढा मोठा की खड्डा आणखी खोल करावा लागला, आणि तळाशी काळी राख लागली होती.

पाणी तसंच सोडून फोन केला.

"राख? किती खोल?"

"माझ्या कोपरापर्यंत."

"मावशी, ती केळ काढावी लागेल."

"काढ. पण जाऊबाईंना तू सांगायचं."

शनिवारी येते म्हणालीय. तोवर त्या केळीभोवती काठ्या रोवून दोरी बांधलीय. एक पांढरी खापरी, पक्ष्याच्या पायाचं चित्र असलेली, कुणाच्या मुनव्याखालची ते अजून आठवत नाही. तीच हातात घेऊन सकाळ-संध्याकाळ रांगेतून फिरते.

जाऊ कुंपणापलीकडून विचारते, "माझा मुनवा रुजला का गं?"

"रुजतोय," म्हणते, आणि खापरी पदराखाली घेते.