डाव्या सीटवरचे खांबेटे सर

श्यामलाबाईंनी देवांची उपकरणी चिंचेनं घासायला घेतली होती. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा लखलखीत होऊन पाटावर बसले होते. समई, ताम्हन आणि घंटा अजून काळ्या तोंडानं परातीत पडली होती. तेवढ्यात दीनानाथराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तूही चल माझ्याबरोबर."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण 'तूही चल' हे शब्द श्यामलाबाईंनी नवऱ्याच्या तोंडून ऐकले नव्हते. देवळात जायचं तरी ते 'जाऊन ये' म्हणत. चिंचेचे हात तसेच अधांतरी धरून त्यांनी विचारलं, काय बिघडलंय. दीनानाथरावांनी ठिबकणारा नळ घट्ट बंद केला.

"मला गाडी चालवता येत नाही," ते म्हणाले.

हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्यात नवल नव्हतं. पण दीनानाथ खांबेटे म्हणजे कसबा पेठेतल्या खांबेटे मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मालक, संचालक आणि एकुलते एक शिक्षक. पंचवीस वर्षांत निम्मी पेठ त्यांच्या हाताखालून गेली होती. दोन डॉक्टर, एक वैद्य, तीन भटजी आणि एक मंगल कार्यालयवाले, सगळे आज त्यांच्याच शिकवणीवर गाड्या हाकत होते.

श्यामलाबाईंनी आठवून पाहिलं. खरंच की. शाळेच्या गाडीला डावीकडेही क्लच आणि ब्रेक होते, शिकणाऱ्यानं गोंधळ घातला तर सरांना पाय मारता यावा म्हणून. ॲक्सिलरेटर मात्र तिथे नव्हता. शिक्षकाला वेग वाढवण्याची गरजच काय. गाडी क्लासच्या दारात उभी असे. सकाळी सहाचा विद्यार्थी तिथूनच सुरू करी आणि संध्याकाळचा शेवटचा तिथेच आणून लावी. पेट्रोल भरायला, हवा मारायला, एवढंच काय, घरची मंडळी मोरगावला निघाली तरी चालवायला कुणीतरी विद्यार्थी असेच. त्याला सर 'हायवेचा धडा' म्हणत. मागच्या सीटवर श्यामलाबाई माळ ओढत बसत. विद्यार्थी बरा असला तर मोरगाव येईपर्यंत तीन माळा होत, नवखा असला तर अकरा.

सर उजवीकडे शेवटचे कधी बसले होते, ते दोघांनाही सांगता येईना. झोपेतसुद्धा त्यांचा डावा पाय क्लच दाबी आणि उजवा ब्रेक. पलंगाच्या पायथ्याची फळी त्यापायी दोनदा सुताराकडे जाऊन आली होती.

मग आज जाऊच नका, असं श्यामलाबाई म्हणाल्या. पण न जाऊन भागणार नव्हतं.

हिंजवडीला काचेच्या इमारती उठल्यापासून पुण्यात गाड्या फार झाल्या आणि गाडी शिकवणाऱ्या शाळा त्याहून फार झाल्या. एसी गाडी, कॉम्प्युटरच्या पडद्यावर धडे, बायकांसाठी बाई शिक्षक. खांबेटे सरांकडे उरले होते चार विद्यार्थी, त्यातले दोन नापास होऊन परत आलेले. अशात केदारचा फोन आला. केदार हा सरांचाच जुना विद्यार्थी, आता कर्वेनगरच्या एका शोरूममध्ये मॅनेजर. त्याच्या परदेशी कंपनीनं बालेवाडीच्या पुढच्या मैदानावर 'परफॉर्मन्स ड्रायव्हिंग' नावाचा कार्यक्रम ठेवला होता. प्रवेश फुकट, नाश्ता फुकट. कंपनीच्या गाडीत बसायचं, जोरात पळवायची, जोरात वळवायची आणि जोरात थांबवायची. कंपनीच्या साहेबीण सुनीती मॅडम तिथे येणार होत्या. शोरूममधून नवी गाडी नेणाऱ्यांना शिकायला कुठल्या एका शाळेत धाडायचं, ते त्या ठरवणार होत्या. केदारनं सरांचं नाव पुढे केलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, आधी चालवताना बघू दे त्यांना.

मॅडमनी होकार दिला तर शाळा तरणार होती. नाही दिला तर दिवाळीला पाटी उतरवायची आणि घरी बसायचं. श्यामलाबाईंना खरी धास्ती या घरी बसण्याची होती. सर ओट्याच्या डाव्या बाजूला स्टूल टाकून बसणार आणि पोळी उलटायच्या आधी सूचना करणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्यांनी हात धुतले, घासलेल्या आणि न घासलेल्या सगळ्या देवांना एकत्रच नमस्कार केला आणि नऊवारीऐवजी प्रवासाची पाचवारी नेसली.

मैदानावर सगळी पंचविशीतली मुलं. रविवार असूनही निम्म्यांच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. झोपतानाही काढत नसावीत. नाव नोंदवल्यावर प्रत्येकाला कंपनीचा लाल टी-शर्ट मिळाला. सरांनी तो आपल्या पांढऱ्या शर्टावरूनच चढवला. श्यामलाबाईंना सँडविच मिळालं. चातुर्मास असल्यानं त्यात कांदा आहे का, हे त्यांनी तिघांना विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली, तेव्हा त्यांनी ते शेजारच्या मुलाला देऊन टाकलं आणि पदराआड माळ काढली.

सरांचा नंबर आला. डावीकडे कंपनीचा शिकवणारा बसला, संतोष नावाचा, सरांचा मुलगा शोभेल अशा वयाचा. सरांनी सीट सरकवली, आरसा तीनदा बसवला, स्टिअरिंगला हात जोडले आणि नुसत्या क्लचवर गाडी सोडली. ती सुटली ती रुखवताचं ताट न्यावं तशी. प्लास्टिकचे लाल शंकू ओळीनं ठेवले होते, त्यांच्यामधून नागमोडी पळवायचं होतं. सरांनी प्रत्येक शंकूला हॉर्न दिला आणि प्रत्येक वळणाला खिडकीतून हात बाहेर काढला. माईकवर बोलणारा पोरगा बोलायचा थांबला. दोरीपाशी उभ्या असलेल्या एकानं घड्याळ बघून विचारलं, गाडी परत आजच येणार आहे ना.

मग ब्रेकचा धडा. ऐंशीचा वेग घ्यायचा आणि पांढऱ्या रेषेवर गच्च थांबायचं. सरांनी उजवा पाय उचलला. तो थोडा वेळ हवेत राहिला, विचारात पडल्यासारखा, आणि पंचवीस वर्षं जिथे उतरत आला होता तिथेच उतरला. गाडी होती तिथे आणखी घट्ट उभी राहिली. असं तीनदा झालं.

"सर, त्याच्या शेजारचं पेडल," संतोष अदबीनं म्हणाला.

"माहीत आहे. मी शिकवतो ते."

सुनीती मॅडमनी हातातली फाईल मिटली. केदार स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

सर गाडीतून उतरले. श्यामलाबाई पाणी घेऊन निघाल्या, पण सरांनी इकडेतिकडे पाहिलं, त्यांना फक्त टेकायला जागा हवी होती, आणि मागे उभ्या असलेल्या गाडीचं डावं दार उघडून ते आत बसले. स्वतःच्या आरामखुर्चीत बसावं तसे.

त्या गाडीत चाकावर वैजनाथ नावाचा मुलगा बसला होता. अकोल्याहून नोकरीला आलेला, गाडी मामाच्या जीपवर शिकलेला. संतोष पाणी प्यायला गेला होता. शेजारी पिकल्या केसांचे, कंपनीच्या लाल टी-शर्टातले गृहस्थ येऊन बसले, तेव्हा वैजनाथला वाटलं, हेच मोठे सर असतील. पुढचं बोलणं त्यानं मागाहून चहा पिताना सगळ्यांना ऐकवलं.

"सर, दाबू काय?"

'सर' म्हटल्याबरोबर दीनानाथराव ताठ झाले. "आधी आरसा बघा."

"पाह्यला."

"हॉर्न."

"देल्ला."

"आता सावकाश…"

'सावकाश' कानावर पडेपर्यंत वैजनाथनं दाबलाही होता. गाडी उसळली आणि शंकूबिंकू सोडून थेट नाश्त्याच्या मांडवाकडे निघाली. सँडविचवाला सुरी टाकून टेबलाखाली गेला. श्यामलाबाईंना पुढच्या काचेतून नवऱ्याचा चेहरा दिसला. तो भ्यालेला नव्हता. रोज संध्याकाळी घरी येतो तोच होता, शांत आणि थोडा कंटाळलेला.

सरांनी ब्रेक मारला. तिथे ब्रेक नव्हता; पायाखालची चटई गोळा होऊन वर आली. मग त्यांचा उजवा हात आपला आपण खाली गेला आणि त्यानं हँडब्रेक खेचला. त्याच क्षणी वैजनाथनं घाबरून चाक फिरवलं. गाडी किंचाळत अर्धी गिरकी घेऊन वळली, धूर झाला, आणि धूर गेला तेव्हा ती मांडवासमोरच्या दोन शंकूंच्या बरोबर मध्ये, आली त्या दिशेला तोंड करून उभी होती. एकही शंकू हललेला नव्हता.

मैदान गप्प झालं होतं, म्हणून सरांचा आवाज दोरीपर्यंत स्वच्छ आला. "न्यूट्रल करा. आणि वळताना इंडिकेटर दिला नाहीत, ते लक्षात ठेवा."

मग ज्या टाळ्या पडल्या, त्या थांबेनात. माईकवाल्याला वाचा फुटली. मुलं लाल टी-शर्टातल्या काकांबरोबर फोटो काढून घेऊ लागली. वैजनाथला पाणी पाजून बाजूला बसवलं होतं. सुनीती मॅडम उंच टाचांनी मैदान तुडवत आल्या.

"पहिली चक्कर तुम्ही मुद्दाम तशी मारलीत, हो ना? नवखा माणूस कसा चालवतो, ते दाखवायला?"

सरांनी खरं सांगायला तोंड उघडलं. केदार घाईघाईनं मध्ये पडला आणि म्हणाला, सरांची ती पद्धतच आहे.

मॅडमनी तिथेच जाहीर केलं, एक तारखेपासून शोरूमची सगळी नवी मंडळी खांबेटे सरांकडे. मात्र पुढच्या महिन्यात याच मैदानावर ही गिरकी त्यांनी सर्वांना पुन्हा दाखवायची, आणि या वेळी स्वतः स्टिअरिंगवर बसून.

"अवश्य," सर म्हणाले.

परतीच्या बसमध्ये शिवाजीनगर येईपर्यंत ते ड्रायव्हरच्या पायांकडेच बघत होते. श्यामलाबाईंनीच शेवटी विचारलं, "अहो, अवश्य कशाला म्हणालात?"

"निघून गेलं तोंडातून."

"मग आता?"

"आता शिकावं लागेल. पण पेठेत कुणी बघितलं तर मला बोळातून जाता यायचं नाही."

श्यामलाबाईंनी जरा विचार केला. त्यांची मावसबहीण द्वारका बिबवेवाडीला राहत होती आणि तिच्या इमारतीखालीच एक ड्रायव्हिंग स्कूल होतं. तिथे खांबेट्यांना कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं. त्यांनी सुचवलं, तिथे दोघांची नावं घालावीत.

"दोघांची? तुझं कशाला?"

"घरचं माणूस शिकत नाही, असं सांगून सव्वीस वर्षं मला मागे बसवलंत म्हणून."

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, म्हणजे डावीकडे दुसरंच कुणीतरी बसणार.

"बसू दे. तुम्ही त्यांना शिकवायचं नाही."

"ते चुकले तरी?"

"चुकले तरी."

सरांनी मान डोलावली, पण ती कबुलीची होती की बसच्या धक्क्याची, हे सांगणं कठीण होतं. नाव नोंदवायच्या अर्जाला काय काय जोडावं लागतं, ते त्यांना तोंडपाठ होतं. त्यामुळे सोमवारी पूजा आटोपल्याबरोबर दोघांनी लक्ष्मी रोडच्या स्टुडिओत जाऊन पासपोर्ट साइझचे प्रत्येकी तीन फोटो काढून आणायचे होते.