आधी कोपरावर, मग तोंडावर

ती घटना आजही आठवली की माझा हात आपोआप कोपराकडे जातो. का जातो, ते शेवटी सांगतो. मी खात्यात शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तरांच्या मेहरबानीने. पण मी लिहिलेला पंचनामा कोर्टात कधी फुटला नाही, हे मी कुणालाही छाती ठोकून सांगतो. इथे कुणाचं नाव लिहिणार नाही. माणसं सगळी हयात आहेत आणि अजून रस्त्यात भेटली की रामराम करतात.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. चिचगडकडच्या जंगलपट्ट्यात एका पोलीस दूरक्षेत्राचा कारभार माझ्याकडे होता. एप्रिल महिना. सकाळची हजेरी घेतली, स्टेशन डायरी उघडली, तेवढ्यात एक शेतकरी मोटारसायकलवरून मुलीला घेऊन आला. मुलीचं तोंड ओढणीने बांधलेलं. बापाने एक छोटी डबी माझ्या टेबलावर आपटली.

"पाहा जी जमादार साहेब! पाच दिवसावर लगन आहे, अन् पोरीचं तोंड पाहा! त्या गटाच्या बायाइले आत टाका, आत्ताच्या आत्ता!"

मुलीने ओढणी सोडली. दोन्ही गाल लाल, वर पाण्याचे फोड, डोळे सुजून बारीक झालेले. बाप ओरडत होता, पण ती शांत होती. म्हणाली, "बाबा, कागद मंग लिवा. मले आधी दवाखान्यात न्या."

त्या घरात अक्कल कुणाकडे आहे ते मला तिथेच कळलं. महिला शिपायासोबत तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, वैद्यकीय तपासणीचं पत्र दिलं आणि मग बापाची तक्रार लिहून घेतली. गावातल्या बचत गटाच्या बायका जंगलातल्या वस्तूंपासून चेहऱ्याला लावायचं मलम बनवतात. नवरीसाठी खास डबी घेतली होती. रात्री लावलं, सकाळी हे असं. तिच्या एका मैत्रिणीनेही दुसरी डबी घेतली होती, तिच्या मानेवरही फोड आले होते.

दोन पंच घेऊन गटाच्या खोलीवर गेलो. अध्यक्षबाई दारातच उभ्या होत्या. चाळिशीची बाई, दहावी झालेली, बोलायला खणखणीत. खोलीत चूल, मोठी कढई, पितळी पातेलं, डब्यांची रांग. जमीन सारवलेली, दाराची चौकट धुतलेली. कोपऱ्यात एक म्हातारी पाय पसरून बसली होती. पंचाहत्तरच्या पुढची असेल. सगळ्या गावाची आजी. मोहाच्या बियांचं तेल, आमच्याकडे टोळीचं तेल म्हणतात, ते कसं काढायचं हे गटाला तिनेच शिकवलं होतं.

"बाबू, तू चहा घेशीन का?" आजीने विचारलं.

"मी चौकशीला आलो आहे," मी म्हणालो.

"मंग का झालं? चौकशीवाले का चहा नाई पित?"

मी प्यायलो नाही. कर्तव्यावर असताना मी कुणाकडचं काही घेत नसे.

अध्यक्षबाईंचा जबाब लिहायला बसलो आणि मला पहिल्यांदा समजलं की मलम बनवणं हे पोलीस तपासाइतकंच किचकट काम आहे. बाई सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. टोळीचं तेल थंडीत गोठतं आणि उन्हाळ्यात पातळ होतं. कोरफडीचा गर घातला की पाणी आणि तेल वेगळं होतं, वरून कितीही घोटा. मधाच्या पोळ्याचं मेण कमी पडलं तर मलम वाहतं, जास्त पडलं तर गालावर ओरखडतं. पळसफुलांचा रंग पहिल्या दिवशी केशरासारखा, आठ दिवसांत चिखलासारखा. आणि सगळ्यात मोठा त्रास बुरशीचा. हिवाळ्यातल्या दोन खेपा बुरशी येऊन फेकाव्या लागल्या होत्या.

"बाजारातल्या मलमात टिकवायची दवा राहते साहेब. आमी म्हणलं, जंगलाचं आहे तर जंगलाचंच राहू दे. तिथंच अडकून रायलो," बाई म्हणाल्या. "मंग जिल्ह्याहून शिकवाले एक मॅडम आल्या. त्याइनं सांगतलं, आधी साफसफाई. गरम पाण्यानं भांडे धुवा, खोलीत काई टांगू नका, पाण्याचा थेंब पडू देऊ नका. तसंच केलं. ही पहिली खेप होती, जे दहा दिवस झाले तरी बिघडली नाई."

प्रत्येक खेपेचा क्रमांक झाकणावर होता. दोन्ही डब्या याच खेपेतल्या निघाल्या. कढई, तेल, राहिलेल्या डब्या, मलम गाळून चोथ्यासकट राहिलेलं फडकं, सगळं जप्त केलं, नमुने सीलबंद केले.

परत येताना चौकात माझ्या खबऱ्याने गाडी थांबवली. त्याचं म्हणणं असं की चार दिवसांपूर्वी गोंदियाचा एक एजंट इथे आला होता. हिरडा, बेहडा, डिंक घेणारा माणूस. त्याला बायकांचं मलम स्वतःच्या लेबलखाली विकायचं होतं. बायकांनी नाही म्हटलं. तेव्हा तो खोलीतच बोलून गेला, "ऐसे नहीं मानोगी तो तुम्हारा माल बंद करवा दूंगा."

झालं. माझ्या डोक्यात आरोपी तयार झाला. आणि एकदा माझ्या डोक्यात काही बसलं की ते काढायला माझी बायकोसुद्धा थकते.

दुसऱ्या दिवशी एजंटला चौकशीला बोलावलं. सकाळपासून बाकावर बसवून ठेवलं. ही माझी जुनी पद्धत. माणूस बसून बसून आतून सैल होतो. त्यानंतर प्रश्न विचारले.

"धमकी दिली होती की नाही?"

"दी थी साहब. गुस्से में था. धंधे की बात थी."

"मग मलमात काय टाकलं?"

"अरे मैंने तो डिब्बी छुई भी नहीं! उस बुढ़िया ने मुझे चाय पिलाई और बाहर निकाल दिया. पूछ लो उससे!"

मी नाही विचारलं. उलट जबाबावर सही करायला आलेल्या अध्यक्षबाईच मला सांगू लागल्या, "साहेब, खेप भरून, झाकणावर पट्टी लावून झाली होती, त्याच्या बाद तो आला. पट्टी त नवरीनंच फोडली. मंग यानं टाकलं कधी?"

"तुम्ही मला तपास शिकवू नका," मी म्हणालो.

त्यांनी जबाबावर सही केली. आज तो शब्द आठवला की लाज वाटते. पण तेव्हा वाटली नाही.

त्याच वेळी गटातली आणखी एक बाई जबाबाला आली होती. कढई घासायचं काम तिचं. तिला सही येत नव्हती म्हणून शाईचं पॅड पुढे केलं. ती डावा अंगठा देऊ लागली, पण उजवा हात पदराखालून काढेना. माणूस हात का लपवतो, हे मी आयुष्यभर पाहत आलो. म्हणालो, "बाई, हात दाखवा."

"काई नाई जी, भाजला."

"दाखवा."

तिने पदर सरकवला. बोटांवर फोड, फोडांच्या कडेला काळपट रेघ. मी खुर्चीतून उठलो. तो डाग मला ओळखायला डॉक्टर लागत नाही. लहानपणी चारोळी वेचायला जायचो तेव्हा असे हात माझेही झाले होते. ते भाजणं नव्हतं. तो भेलवा होता. पुण्यामुंबईकडे बिबा म्हणतात तोच. त्याचा रस अंगाला लागला की कातडीवर अशीच शिक्षा होते.

आणि हिच्या हाताला तो लागला होता कढई घासताना. म्हणजे तो डबीत नाही, कढईतच होता. झाकणं लागायच्या आधी, एजंट गावात यायच्या आधी. अध्यक्षबाई मला हेच सांगत होत्या.

जप्त केलेलं फडकं पंचांसमोर उघडलं. मेणाचा आणि पळसफुलांचा चोथा होता. तो काडीने बाजूला केला तर आत भेलव्याची फुगलेली काळी बी निघाली. तिच्यातून आरपार काळा दोरा ओवलेला. जंगलातून चुकून पडलेल्या बीला दोरा नसतो. कुणीतरी ओवून, मुद्दाम टाकली होती. असा ओवलेला भेलवा आमच्याकडे जुन्या बाया नजर लागू नये म्हणून बांधतात.

मी गटाच्या खोलीवर गेलो. आजी एकटीच होती, टोळीच्या बिया फोडत. मी कागदावर ठेवलेली ती बी तिच्या पुढे धरली.

आजीने पाहिली. हातातला दगड खाली ठेवला.

"हो बाबू. मीच टाकला."

"काऊन आजी?" माझ्या तोंडची जमादाराची भाषा गेली, गावची आली.

"दोन खेपा बुरशीनं गेल्या न. पोरी रडून रायल्या होत्या. म्या म्हणलं, गावाची नजर लागली. दारावर भेलवा बांधला. मंग ते मॅडम आली, म्हणे खोलीत काई टांगायचं नाई. पोरींनी काढून फेकला. मंग म्या म्हणलं, बाहेर नाई त आत, कढईत राहीन. कोणाले दिसणार नाई." तिने माझ्याकडे पाहिलं. "माझ्या धानाच्या कोठीत जलमभर भेलवा आहे बाबू. भात खाऊन कोणाचं तोंड जळलं?"

खरं होतं. कोठीतला भेलवा अख्खा असतो आणि थंड धानात पडून राहतो. हा सुईने टोचलेला, आणि गरम तेलात गेलेला. सगळा रस तेलात उतरला. बुरशीशी अध्यक्षबाई साफसफाईने लढत होत्या, मॅडम गरम पाण्याने लढत होती आणि आजी भेलव्याने. तिघींना एकच गोष्ट वाचवायची होती.

"मले बेड्या घालतो का?" आजीने विचारलं.

"नाही. जबाब लिहायचा आहे."

"मंग आधी त्या पोरीकडे ने मले. जबाब कुठं पळून जाते?"

नेली. नवरीच्या घरात बाप दारात आडवा झाला. "हिले कायले आणलं? पोरीचं लगन मोडलं त..."

आतून मुलीचाच आवाज आला. "बाबा, लगन काई मोडलं नाई. सकाळीच त्यायचा फोन आला होता. म्हणे, मी का तोंडाशी लगन लावून रायलो?"

बाप जरा बाजूला झाला. आजी आत गेली. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मुलीने ऐकलं आणि सुजलेल्या तोंडानेच हसली. "आजी, नजर माझी काढाची त मले सांगतलं असतं. मलमाची कायले काढली?" आजी तिच्याजवळ बसली आणि सुपाने वारा घालू लागली. डॉक्टरांनी दुसरं काही लावायला मनाई केली होती. पुढचे कितीतरी दिवस आजी रोज सकाळी वारा घालायला जायची.

मी तपास जसा होता तसाच वरिष्ठांकडे पाठवला. निष्काळजीपणा झाला होता, तो लपवला नाही. हेतू वाईट नव्हता, तेही स्पष्ट लिहिलं. लग्न पुढच्या मुहूर्तावर लागलं. गालावर एक फिकट डाग राहिला, तो फोटोत कुणाला दिसला नाही. कोर्टाच्या परवानगीने दोन्ही बाजूंची तडजोड झाली.

पण माझी तडजोड बाकी होती. एजंटला मी ठाण्यात बसवलं, ही बातमी गावोगाव पसरली होती. कुणी त्याला हिरडासुद्धा विकेना. मी त्याला बोलावून चहा पाजला. तो म्हणाला, "जमादार साहब, चाय तो पिला दी. मेरा नाम कौन धोएगा?"

मी आयुष्यात वरिष्ठांपुढेही मान खाली घातली नव्हती. तरी आठवडी बाजाराच्या दिवशी गणवेशात त्याच्यासोबत चौकात उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं, या माणसाने काही केलं नाही, चूक माझी. घरी बायको म्हणाली, "देवा! तुम्ही अन् चूक?" तीन दिवस तिने हे शेजारपाजारी सांगितलं.

गटाने विक्री थांबवली, पुन्हा शिकून, परवाना काढून वर्षभराने सुरू केली. आता टिकवायची दवाही घालतात. आणि नवीन खेप निघाली की कुणाच्याही चेहऱ्याला लागण्याआधी आजी ती स्वतःच्या कोपराच्या आत लावते आणि एक दिवस थांबते. असं करायला मॅडमनेच शिकवलं. मात्र दुसऱ्या कुणाला आजी लावू देत नाही. म्हणते, "जळलं त माझं जळू दे." वहीत प्रत्येक खेपेपुढे अध्यक्षबाई लिहितात, 'आजीचा हात ठीक', आणि खाली आजीचा अंगठा.

मी तीस वर्षांहून जास्त नोकरी केली. कितीतरी माणसांवर संशय घेतला आणि तो सरळ त्यांच्या तोंडाला फासला. आधी थोडा कोपरावर लावून, एक दिवस थांबून पाहावं, हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नाही. शिकवलं असतं तरी मी तेव्हा ऐकलं नसतं.

मागच्या महिन्यात त्या बाजूला गेलो होतो. आजीने ओळखलं. चहा पुढे केला आणि म्हणाली, "आता त कर्तव्यावर नाई न? पी."

मी प्यायलो. बाजूला नव्या खेपेची डबी होती. मग तिने विचारायच्या आधीच मी बाही वर केली आणि माझा कोपर पुढे धरला.